थेम्सच्या पातळीचा खर्च

लंडनची थेम्स म्हटली की पार्लमेंटचे मनोरे, टॉवर ब्रिज आणि भरती-ओहोटीचे गढूळ पाणी डोळ्यांपुढे येते. पण नाव चालवणाऱ्यांची खरी भांडणे झाली ती या नदीच्या वरच्या अंगाला. टेडिंग्टनला समुद्राची भरती थांबते. तिथून वर लेचलेडपर्यंत सुमारे दोनशे किलोमीटर नदी गोड्या पाण्याची आहे आणि तेवढ्या अंतरात ती सत्तर मीटरच्या आसपास उतरते. हा उतार मोकळा सोडला असता तर उन्हाळ्यात जागोजागी गुडघाभर पाणी आणि हिवाळ्यात लोंढा, असेच तिचे रूप राहिले असते. आज ऑक्सफर्ड, रेडिंग, हेन्ली, विंडसर या गावांशेजारून जी रुंद, संथ, काठोकाठ भरलेली नदी वाहते ती बंधाऱ्यांनी धरून ठेवलेली आहे. बंधाऱ्याशेजारी नाव वर चढवण्या-उतरवण्यासाठी लॉक असते, म्हणजे दोन्ही टोकांना दरवाजे असलेला पाण्याचा हौद. अशी सुमारे ४५ लॉक्स या नदीवर आहेत. थेम्सची पातळी माणसाने घडवलेली आहे, आणि घडवलेली गोष्ट सांभाळायला रोज खर्च येतो.

या खर्चावरूनच नौकाधारकांची आजची गाऱ्हाणी सुरू होतात. नदीचा कारभार एन्व्हायर्न्मेंट एजन्सी या सरकारी संस्थेकडे आहे. नौकेची नोंदणी फी वाढत जाते, पण लॉकवर माणूस भेटेलच याचा भरवसा उरलेला नाही. दरवाजे नादुरुस्त होऊन लॉक ऐन हंगामात बंद राहते. धक्क्यांवर महिनोन् महिने फुकट मुक्काम ठोकणाऱ्यांना कोणी हटवत नाही, त्यामुळे फी भरून आलेल्याला नाव बांधायला जागा मिळत नाही. एखाद्या खात्याची ढिलाई, एवढाच याचा अर्थ बहुतेक जण लावतात. मला तो पुरेसा वाटत नाही. हीच तक्रार, शब्दांच्या थोड्याफार फरकाने, थेम्सवर आठशे वर्षे चालत आली आहे. तेवढ्या काळात राजे, नगरपालिका, आयोग, मंडळे आणि महामंडळे असे सगळे कारभारी होऊन गेले. कारभारी बदलूनही तक्रार तीच राहत असेल तर दोष कारभाऱ्याच्या स्वभावात शोधून भागत नाही. पातळीचा फायदा अनेकांना होतो आणि तिचा खर्च मात्र नाव चालवणाऱ्याच्या माथी मारला जातो, हा या नदीच्या व्यवस्थेतला मूळ दोष आहे. ज्या काळात तो दोष दूर झाला त्या काळात नदी चांगली चालली, हे तिच्या इतिहासातून दाखवता येते.

मध्ययुगात नदी अडवली ती नौकांसाठी नव्हे. पाणचक्कीला धान्य दळायला उंचावरून पडणारे पाणी हवे होते, आणि मासेमारांना मासे एका जागी कोंडायला अडसर हवा होता. दोघांनीही नदीत खांब रोवले, कुंपणे घातली, बंधारे बांधले. लंडनच्या व्यापाऱ्यांना हे सलत होते, कारण शहराचे धान्य, लाकूड आणि मोड आणलेला जव याच वाटेने येई. पहिल्या रिचर्डने ११९७ मध्ये १५०० मार्क घेऊन थेम्सवरचे हक्क लंडन शहराला दिले. १२१५ च्या मॅग्ना कार्टाच्या तेहतिसाव्या कलमात थेम्स, मेडवे आणि साऱ्या इंग्लंडातल्या नद्यांवरचे मासेमारीचे बंधारे काढून टाकण्याचा हुकूम आहे. राजाच्या सत्तेला वेसण घालणाऱ्या त्या सनदेत नावांच्या वाटेलाही जागा मिळाली. तरीही १३५१ मध्ये तिसऱ्या एडवर्डच्या काळात तसाच कायदा पुन्हा करावा लागला, आणि पुढच्या शतकातही तो उगाळला गेला. बंधारे हटले नाहीत, कारण ते हटवणे कुणालाच परवडणारे नव्हते. काठावरच्या मठांचे, सरदारांचे आणि गावांचे पीठ त्यांच्यावर अवलंबून होते. बंधारा पाडा म्हणणाऱ्या कायद्याला शहाणपणाचा हा भाग कधी उमगला नाही की उन्हाळ्यात नाव तरंगते तीही याच बंधाऱ्यामागच्या पाण्यावर.

कोल्हापूर पद्धतीचा बंधारा ज्याने पाहिला आहे त्याला थेम्सवरचा जुना बंधारा समजायला वेळ लागणार नाही. पंचगंगेवर खांबांच्या खाचांत बरगे घालून पाणी अडवतात आणि पावसाळ्याआधी ते काढून घेतात. थेम्सवर नदीच्या तळाशी एक तुळई, वर दुसरी तुळई, मधे उभे दांडे आणि त्या दांड्यांना टेकवलेल्या लांब मुठीच्या फळ्या अशी रचना असे. आपल्याकडे बरगे वर्षातून एकदा निघतात. तिथे प्रत्येक नावेसाठी काढावे लागत. फळ्या आणि दांडे भराभर उपसले, वरची तुळई बाजूला फिरवली, की कोंडलेले पाणी त्या गाळ्यातून उसळून निघे. या लोंढ्याला फ्लॅश म्हणत. खाली जाणारा पडाव, म्हणजे मालवाहू नाव, त्याच्या पाठीवर बसून बंधारा ओलांडी आणि त्याच पाण्याच्या जोरावर पुढच्या उथळ जागाही पार करी. वर जाणाऱ्याचे हाल वेगळे. लोंढ्याचा पहिला भर ओसरेपर्यंत थांबायचे, मग काठावरच्या उभ्या रहाटाला दोरखंड गुंडाळून माणसांच्या जथ्याने नाव इंचाइंचाने वर ओढायची. दोर तुटला तर नाव माल आणि माणसांसकट मागे फेकली जाई. गोरिंगजवळ १६७४ मध्ये बंधाऱ्यावर नाव उलटून साठएक माणसे बुडाल्याचे त्या वेळच्या एका पत्रकात छापले गेले होते.

धोक्यापेक्षाही नावाड्यांना छळत होते ते वाट पाहणे. कोरड्या उन्हाळ्यात वरच्या बंधाऱ्याने पाणी सोडले नाही तर खालचे पडाव चिखलात बसत, आणि एका बंधाऱ्याने दिलेला फ्लॅश पुढच्याने अडवून आपल्या चक्कीला वळवला तर वाटेतला माणूस दोन्हीकडून नागवला जाई. फ्लॅशची किंमत बंधारेवाला सांगेल ती. इथे चक्कीवाल्याचीही बाजू नीट ऐकली पाहिजे. एक फ्लॅश म्हणजे त्याचे चाक कित्येक तास बंद. कोंडलेले पाणी परत भरेपर्यंत शेतकऱ्यांचे धान्य दारात पडून राही, आणि बंधारा दुरुस्त ठेवण्याचा खर्च तर त्याचाच होता. पडाव त्या बंधाऱ्यातून फायदा घेत असेल तर त्याने काही द्यावे, ही मागणी रास्त होती. फक्त पातळी राखण्याच्या खर्चात चक्कीचा वाटा किती आणि पडावाचा किती, हे ठरवणारे कोणीच नव्हते. बंधारा ज्याच्या हातात, त्याचा शब्द शेवटचा. १६९५ च्या कायद्याच्या नावातच बंधारेवाल्यांच्या जबरी वसुलीचा उल्लेख आहे. त्या कायद्याने परगण्यांच्या न्यायाधीशांना दर ठरवण्याचा अधिकार दिला. दर ठरले, पण बंधारा, त्याची दुरुस्ती आणि पाणी सोडण्याची वेळ खासगी हातांतच राहिली, म्हणून गाऱ्हाणेही राहिले.

ऑक्सफर्डजवळचा अनुभव मात्र वेगळा निघाला. बर्कॉट गावाच्या वर नदी इतकी अडखळलेली होती की मोठे पडाव शहरापर्यंत पोचत नसत. माल उतरवून गाड्यांनी न्यावा लागे. १६०५ आणि १६२४ च्या कायद्यांनी यासाठी एक आयोग नेमला गेला. त्यात विद्यापीठ आणि शहर या दोघांचे प्रतिनिधी बसले, आणि कामासाठी पैसा उभा करण्याची जबाबदारीही त्या दोघांवर आली. या आयोगाने इफ्ली, सँडफर्ड आणि ॲबिंग्डनजवळची स्विफ्ट डिच इथे दुहेरी दरवाजांची लॉक्स बांधली. थेम्सवरची ही पहिली. १६३५ मध्ये पडाव ऑक्सफर्डला पोचले. त्याच सुमारास, १६३२ मध्ये, लंडनचा होडीवाला आणि पद्यकार जॉन टेलर याने नदीतल्या अडथळ्यांची एकेक जागा नावानिशी नोंदवणारे काव्य छापले होते. ऑक्सफर्डच्या वाटेवरचे अडथळे दूर झाले, आणि टेलरने नोंदवलेले खालचे बहुतेक बंधारे पुढली दीडशे वर्षे तसेच राहिले. एकाच नदीवर हा फरक कशाने पडला? ऑक्सफर्डला कोळसा स्वस्तात हवा होता आणि बांधकामाचा दगड बाहेर पाठवायचा होता. नाव पोचण्याचा फायदा ज्यांना व्हायचा त्या शहराने आणि विद्यापीठाने खर्चाला हात लावला. नावाड्याच्या खिशाकडे बोट दाखवून ते गप्प बसले नाहीत.

याच्या उलट उदाहरण अठराव्या शतकातल्या थेम्स नॅव्हिगेशन कमिशनचे आहे. हे कमिशन १७५१ मध्ये स्थापन झाले. त्याचे सभासद शेकडो होते: काठच्या परगण्यांतले जमीनदार, धर्मगुरू, विद्यापीठाचे अधिकारी, गावांचे महापौर. मालमत्तेची अट असल्याने स्वतः पडाव हाकणाऱ्यांचा आवाज त्यात जवळजवळ नव्हता. वीस वर्षे कमिशनने दर ठरवण्यापलीकडे फारसे काही केले नाही. १७७१ च्या कायद्याने त्याला जागा घेण्याचा, कर्ज काढण्याचा, लॉक्स बांधण्याचा आणि टोल घेण्याचा अधिकार मिळाला. मेडनहेडजवळच्या बोल्टर्स लॉकपासून रेडिंगअलीकडच्या सॉनिंगपर्यंत आठ लॉक्स १७७२-७३ मध्ये उभी राहिली. काम झपाट्याने झाले, पण पैसा वाचवण्यासाठी लाकूड वापरले ते फर वृक्षाचे. ते पंधरा वर्षांच्या आत कुजू लागले आणि ओकचे लाकूड घेऊन काम पुन्हा करावे लागले. या कर्जाची, व्याजाची आणि दुरुस्तीची सारी भिस्त एकाच उत्पन्नावर होती, पडावांच्या टोलवर. त्यात जुन्या बंधारेवाल्यांचे हक्क कायद्याने काढून घेतले नव्हते. लॉकमधून गेलेला पडाव कमिशनला नवा टोल देई आणि शेजारच्या बंधाऱ्याच्या मालकालाही जुना टोल देत राही. जो बंधारा त्याने वापरलाच नाही त्याचे पैसे!

खालच्या भागात, स्टेन्सपर्यंत, अंमल लंडन शहराचा होता. त्याने आपली लॉक्स १८११ ते १८१५ या काळात बांधली, त्यातले पहिले टेडिंग्टनचे. तिथे कोळी आणि पडाववाले इतके बिथरले होते की लॉकच्या रखवालदाराला संगीन लावलेली बंदूक जवळ बाळगण्याची परवानगी द्यावी लागली. ज्यांच्या सोयीसाठी लॉक बांधले त्यांच्यापासूनच त्याचे रक्षण करण्याची वेळ का यावी? अडाणीपणाने आलेला विरोध, असे त्याचे वर्णन सहज करता येते. मला त्यात हिशेब दिसतो. कोळ्याला लॉकचा काडीचा उपयोग नव्हता आणि त्याचे मासेमारीचे पाणी बदलले. पडाववाल्याला भरतीबरोबर फुकटात चढता येणारी वाट आता टोलची झाली. सुधारणेचा खर्च आपल्याच गळ्यात पडणार हे त्यांनी आधीच्या अनुभवावरून ओळखले होते.

फक्त टोलवर उभी असलेली व्यवस्था किती नाजूक असते ते एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दिसले. मिडलंड्सचा माल ऑक्सफर्ड कालव्यातून १७९० पासून थेम्सवर येऊ लागला होता. ग्रँड जंक्शन कालव्याने १८०५ मध्ये त्याला लंडनची जवळची वाट दिली आणि तो माल थेम्सवरून उठला. मग ग्रेट वेस्टर्न रेल्वे १८३८ मध्ये मेडनहेडला, १८४० मध्ये रेडिंगला आणि १८४४ मध्ये ऑक्सफर्डला पोचली. टोल आटला. कमिशनने लॉक सांभाळणाऱ्यांचे पगार कापले, दुरुस्त्या लांबवल्या, आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला वरची लॉक्स मोडकळीला आली. ज्या थोड्या पडावांनी नदी सोडली नव्हती त्यांना टोल पूर्ण आणि वाट अर्धवट मिळू लागली.

याच काळातले एक उदाहरण आपल्या जवळचे आहे आणि ते मुद्दा आणखी स्पष्ट करते. नागपूर-वऱ्हाडाचा कापूस गोदावरीच्या वाटेने पूर्व किनाऱ्याला न्यावा म्हणून इंग्रजांनी दुम्मागुडेमपासून वर बंधारा, कालवा आणि लॉक्स बांधायला घेतली. उत्पन्नाची आशा फक्त नौकांवर होती. रेल्वे १८६७ मध्ये नागपूरला आली आणि १८७१ मध्ये ही योजना सोडून देण्यात आली. त्याच गोदावरीवर खाली धवलेश्वरमला आर्थर कॉटनने १८५२ मध्ये पुरा केलेला बंधारा होता. त्याचा खर्च सिंचनाच्या उत्पन्नातून निघत होता, म्हणून त्याच्या कालव्यांतून रेल्वे आल्यावरही कित्येक दशके नावा चालत राहिल्या. नदी तीच, इंजिनिअरही त्याच परंपरेतले. फरक पडला तो बंधाऱ्याचे पैसे कोण देतो याने.

थेम्सवर हा प्रश्न सुटला तो पिण्याच्या पाण्यामुळे. लंडनमधल्या पटकीच्या साथींनंतर १८५२ च्या कायद्याने पाणीपुरवठा कंपन्यांना भरतीच्या घाणेरड्या पाण्यातून उपसा बंद करून टेडिंग्टनच्या वरून पाणी घ्यायला लावले. आता लंडनचे पाणी थेम्सच्या त्याच पातळीतून येऊ लागले जी पडावांच्या टोलवर कशीबशी तग धरून होती. बंधारा फुटला तर पडाव रुतेल हे तर झालेच, पण कंपन्यांची पाणी उचलण्याची जागाही कोरडी पडेल, हे संसदेच्या ध्यानात आले. नदीसाठी थेम्स कॉन्झर्व्हन्सी हे मंडळ १८५७ मध्ये खालच्या भागापुरते स्थापन झाले होते. १८६६ मध्ये त्याच्या हाती क्रिकलेडपर्यंतची सारी नदी आली आणि पाणी कंपन्यांनी त्याला वर्षासन द्यावे असे ठरले. पुढे कंपन्यांची जागा मेट्रोपॉलिटन वॉटर बोर्डाने घेतली, तरी पाण्यापोटी येणारी रक्कम कॉन्झर्व्हन्सीच्या उत्पन्नाचा मोठा वाटा राहिली. थेम्सच्या इतिहासात पातळीचा खर्च पहिल्यांदाच ती वापरणाऱ्या सगळ्यांमध्ये वाटला गेला.

याचे फळ लवकर दिसले. कुजलेली लॉक्स बांधून झाली, खासगी बंधारे मंडळाकडे आले, सांडपाणी सोडण्यावर बंधने आली. मालवाहतूक परत आली नाही. तिच्या जागी आले ते सहलीचे लोक. रेल्वेने नदीचा माल नेला होता, तीच रेल्वे आता दर रविवारी लंडनहून माणसांनी भरलेले डबे नदीकाठी रिकामे करू लागली. १८८५ च्या थेम्स प्रिझर्व्हेशन ॲक्टने या बदलाला कायद्याचे रूप दिले. व्यवसायासाठी असो वा विरंगुळ्यासाठी, नदीवर नाव नेण्याचा सर्वांचा हक्क त्याने मान्य केला. १८८८ मध्ये ॲस्कॉटच्या शर्यतींनंतरच्या एका रविवारी बोल्टर्स लॉकमधून ८०० नावा आणि ७२ वाफेच्या लाँच गेल्याची नोंद आहे. पुढच्याच वर्षी जेरोम के. जेरोमचे ‘थ्री मेन इन अ बोट’ प्रसिद्ध झाले. त्यातली सहल या दुरुस्त झालेल्या नदीवरची आहे, वीसेक वर्षे आधी ती इतक्या सुखाने घडली नसती. त्या काळातही भांडणे होती. वल्ह्यांच्या नावेतले लोक वाफेच्या लाँचवर चिडत, आणि काठावरचे जमीनदार मुख्य प्रवाहाच्या बाजूच्या फाट्यांवर साखळ्या बांधून पाट्या लावत. पण ही भांडणे भरलेल्या नदीवर कोणी कसे वागावे याची होती. नदीत पाणी आहे का, लॉक उघडेल का, ही चिंता मागे पडली होती.

कॉन्झर्व्हन्सीचा काळ म्हणजे सुवर्णयुग, असे मला म्हणायचे नाही. भरतीच्या भागाचा कारभार १९०९ मध्ये पोर्ट ऑफ लंडन ऑथॉरिटीकडे गेल्यावर मंडळाचे लक्ष आणि पैसा वरच्या नदीवर आला, तरी आयन्शम आणि किंग्ज ही ऑक्सफर्डवरची दोन लॉक्स व्हायला १९२८ उजाडले. जुना फ्लॅश बंधारा शेवटचा निघाला तो १९३० च्या दशकात. मॅग्ना कार्टाने दिलेला हुकूम अमलात यायला सातशे वर्षे लागली, तीही नौकांना लॉकची पर्यायी वाट मिळाल्यावर. मात्र या मंडळाच्या हाती पाणी, पूर आणि नौका या तिन्हींचा कारभार एकत्र होता आणि तिन्हींचा पैसाही एकाच तिजोरीत येत होता. १९५० च्या दशकाच्या मध्यापासून पुढच्या वीस वर्षांत ऑक्सफर्डखालची लॉक्स यंत्रावर आली ती याच जोरावर. ऑक्सफर्डच्या वरची बहुतेक लॉक्स आजही हाताने ढकलावी लागतात.

मग घडी विस्कटली. १९७४ मध्ये कॉन्झर्व्हन्सी मोडून तिची कामे थेम्स वॉटर ऑथॉरिटीकडे गेली. तिथे नौका हे एका प्रचंड पाणी-सांडपाणी संस्थेतले छोटेसे खाते उरले. तरी एवढे होते की पाण्याचे उत्पन्न आणि नदीची जबाबदारी एकाच घरात होती. १९८९ मध्ये पाणीपुरवठ्याचे खासगीकरण झाले तेव्हा तेही तुटले. पाणी विकणारा, कमावणारा भाग कंपनीकडे गेला. बंधारे, लॉक्स आणि नदीची देखभाल नॅशनल रिव्हर्स ऑथॉरिटीकडे, आणि १९९६ पासून एन्व्हायर्न्मेंट एजन्सीकडे. उपशाचे शुल्क कंपनी आजही देते, पण ते जलस्रोतांच्या नियोजनाच्या खर्चापोटी आकारले जाते, लॉकच्या दरवाजांसाठी नाही. नौकावहनाच्या वाट्याला उरले ते नोंदणी फीचे उत्पन्न आणि सरकारचे वार्षिक अनुदान. अनुदान आखडले की फी वाढवायची आणि दुरुस्ती पुढे ढकलायची, यापलीकडे या व्यवस्थेला मार्ग नाही. १८५० च्या कमिशनपुढेही दुसरा मार्ग नव्हता.

नंतरच्या घटना या चौकटीत ठेवल्या की त्यांचा अर्थ लागतो. २००८ मध्ये लॉक सांभाळणाऱ्यांची काही घरे विकायचा किंवा भाड्याने द्यायचा बेत निघाला आणि नौकाधारकांनी तो कडाडून विरोध करून अडवला. त्यांची भीती खरी होती: रात्री पाणी चढले तर बंधाऱ्याचे दरवाजे उचलणारा माणूस तिथे राहणारा हवा. २०१२ मध्ये बहुतेक सरकारी कालवे कॅनल अँड रिव्हर ट्रस्ट या धर्मादाय संस्थेकडे सोपवले गेले. थेम्सही पुढे तिच्याकडे जाईल असे सांगितले गेले, पण सोबत द्यायला पुरेसा पैसा नाही म्हणून ते राहिले. हेन्लीजवळच्या मार्श लॉकचा लाकडी पूल २०२२ मध्ये आणि टेंपलचा पादचारी पूल २०२३ मध्ये असुरक्षित ठरून बंद झाला. या दोन्ही पुलांवरून नौका जात नाहीत, काठाने चालणारे जातात. पातळीच्या खर्चाला नौकांचा खर्च म्हटले की नदीवरच्या इतरांचेही कसे नुकसान होते, त्याचा हा ढळढळीत पुरावा.

यावर पहिला आक्षेप असा येतो की आज थेम्सवर माल जात नाही, सुखवस्तू लोकांच्या नावा जातात; त्यांच्या हौसेचा भार सामान्य करदात्याने का उचलावा? आक्षेप वजनदार आहे. रंगवलेल्या मोठ्या लाँच या नदीवर आहेत यात शंका नाही. पण तिथेच घरभाडे परवडत नाही म्हणून नावेत संसार थाटलेली माणसेही राहतात, शाळा-कॉलेजांचे वल्हेकरी सराव करतात, काठाने थेम्स पाथवरून चालणारे तर नावेत पाऊलही ठेवत नाहीत. आणि मूळ मुद्दा हौसेचा नाहीच. उद्या सगळ्या नावा उचलून नेल्या तरी बंधारे ठेवावेच लागतील, कारण लंडनच्या पिण्याच्या पाण्याचा मोठा हिस्सा टेडिंग्टनच्या वर उचलला जातो आणि काठावरच्या गावांची, पुलांची, घाटांची बांधणी याच पातळीच्या भरवशावर झालेली आहे. नावा गेल्यावरही जो खर्च करावाच लागणार, तो नावांचा खर्च कसा?

दुसरा आक्षेप पुराचा. एजन्सीचे पहिले कर्तव्य लोकांची घरे आणि जीव वाचवण्याचे आहे. हिवाळ्यात लाल पाट्या लावून नावांना प्रवाहात न उतरण्याचा इशारा दिला जातो तो योग्यच आहे, त्यावर चिडणाऱ्यांनी १६७४ चे गोरिंग आठवावे. इथवर मी सहमत आहे. पण पुराचे दरवाजे आणि लॉकचे दरवाजे एकाच बांधकामाचे भाग असतात, आणि त्यांच्यापाशी चोवीस तास असणारा माणूस एकच. नौकांच्या खात्यातून त्याचा पगार कापला की पुराची चौकीही दुबळी होते. पर्यावरणाच्या बाजूने बोलणारे म्हणतात की बंधाऱ्यांनी माशांची वाट अडते, ते काढलेलेच बरे. माशांसाठी बंधाऱ्याशेजारी चढ बांधता येतात आणि थेम्सवर ते बांधलेही गेले आहेत. सारे बंधारे काढून टाकणे ही गोष्ट मात्र १२१५ मध्ये जितकी अशक्य होती त्याहून आज अधिक अशक्य आहे. तिसरे म्हणणे असे की नौकाधारक फी चुकवतात, तेव्हा त्यांनी तक्रार करू नये. चुकवणारे आहेत, आणि त्यांच्यावर कारवाई व्हायलाच हवी. प्रामाणिकपणे भरणाऱ्यांचीच ती सर्वांत जुनी मागणी आहे.

एकच बाब मी नौकाधारकांच्या विरोधात मांडेन. त्यांच्या संघटना बहुतेक वेळा फीवाढीविरुद्ध बोलतात आणि तिथेच थांबतात. त्यामुळे वाद एजन्सी आणि नौका या दोघांपुरता दिसतो, आणि ज्यांना पातळीचा सर्वांत मोठा फायदा होतो ते त्याबाहेर राहतात. चक्कीवाला आणि पडाववाला एकमेकांशी भांडत राहिले तेव्हाही हेच झाले होते. बंधाऱ्याच्या पिठावर जगणारे गाव त्यात कधी पक्षकार झाले नाही. नौकाधारकांनी आपला वाटा देण्याची तयारी उघडपणे सांगावी आणि इतरांच्या वाट्याचा आकडा जाहीरपणे मागावा. प्रत्येक बंधाऱ्याच्या देखभालीचा खर्च पाणीपुरवठा, पूरनियंत्रण, काठावरची मालमत्ता आणि नौका यांच्यात कसा वाटला जातो ते एजन्सीने दरवर्षी छापावे. उपशाच्या शुल्काचा ठरावीक हिस्सा बंधारे आणि लॉक्स यांच्या दुरुस्तीला जाईल असा बदल ब्रिटिश संसदेने कायद्यात करावा, जसा १८६६ मध्ये केला होता, आणि तो होईपर्यंत नौकांच्या फीत आणखी वाढ करू नये.